जिभीच्या लाकडी घरात हिवाळी मुक्काम (ज्येष्ठ आणि लहान मुलांसह)

रानजाई | ११ जानेवारी, रात्री ९.१०

नाताळच्या सुट्टीत मी, माझे पती, एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असे आम्ही पाच जण हिमाचल प्रदेशातील जिभी येथे पाच रात्री राहून आलो. निघण्यापूर्वी मी मराठीत पुष्कळ शोधले, पण धबधब्यांची आणि काचेच्या खिडक्यांची वर्णनेच अधिक मिळाली. डोंगरातले लाकडी घर थंडीत ऊबदार कसे ठेवतात, नळाला पाणी राहते का, गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती चढायचे असते, यांविषयी जवळजवळ काहीच हाती लागले नाही. त्यामुळे घर निवडताना आमची चूक झाली आणि ती जिवावर बेतली असती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जिभी हे कुल्लू जिल्ह्याच्या बंजार तालुक्यातले, सुमारे १,८०० मीटर उंचीवरचे छोटे गाव आहे. पुण्याहून चंदिगडपर्यंत विमानाने आणि पुढे टॅक्सीने गेलो. मंडीच्या पुढे औटचा जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा लागतो. मनालीची वाहने त्यात शिरतात, तर बंजारकडे जाणारा रस्ता बोगद्याच्या अलीकडे उजवीकडे वळतो. हाच राष्ट्रीय महामार्ग ३०५ पुढे जिभीवरून जलोडी खिंडीकडे चढत जातो. धुक्यामुळे आमचे विमान साडेतीन तास उशिरा उतरले, त्यामुळे शेवटचे दोन तास अंधारात घाट चढावा लागला. उत्तरेकडच्या धुक्याचा विचार करून पहिला मुक्काम चंदिगड किंवा मंडीला करायला हवा होता, असे आता वाटते.

आम्ही ठरवलेले पहिले घर म्हणजे उतरत्या त्रिकोणी छपराचे आणि समोरची संपूर्ण बाजू काचेची असलेले नवे केबिन होते. छायाचित्रात ते अतिशय सुंदर दिसत होते आणि प्रत्यक्षातही तसेच होते. मात्र रस्त्यापासून तिथपर्यंत १४० पायऱ्या होत्या, हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. सासूबाई त्या रात्रीच्या थंडीत, दर वीस पायऱ्यांनी थांबत चढल्या. आत विजेवर चालणारा एक हीटर होता. साडेआठला वीज गेली आणि तासाभरात खोली इतकी गार झाली की मुलीच्या नाकाचा शेंडा बर्फासारखा लागू लागला. तिथल्या मुलाने मोठ्या आपुलकीने निखाऱ्यांनी भरलेली लोखंडी शेगडी, तिकडच्या भाषेत अंगीठी, खोलीत आणून ठेवली. ऊब टिकावी म्हणून आम्ही दार घट्ट लावले आणि फटीत टॉवेलही कोंबला.

दीड-दोन तासांनी सासूबाई म्हणाल्या, "डोकं फार जड झालंय आणि मळमळतंय." पतींना वाटले की प्रवासाचा शीण आणि उंचीचा त्रास असेल. मी मुलीला पाणी पाजायला उठवले, तर ती नीट जागीच होईना. तेव्हा मला एकदम माझ्या वडिलांची आठवण झाली. त्यांची सगळी नोकरी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत झाली आणि "बंद जागेत कोळशापाशी बसायचं नाही, तो वास न येता मारतो" हे वाक्य आम्ही लहानपणी असंख्य वेळा ऐकले होते. मी ओरडूनच दार उघडायला लावले, शेगडी बाहेर काढली आणि सगळ्यांना रजयांत गुंडाळून ओसरीवर बसवले. बाहेर उणे तीन अंश तापमान होते. पाऊण तासाने मुलगी रडायला लागली आणि तिचे ते रडणे ऐकून मला किती हायसे वाटले, ते सांगता येणार नाही. उरलेली रात्र आम्ही खिडकी उघडी ठेवून, कानटोपी आणि पायमोजे घालून, एकमेकांना चिकटून काढली.

सकाळी त्या केबिनचा हिशेब मिटवला आणि टॅक्सीचालकाने सुचवलेल्या एका जुन्या घरात गेलो. रस्त्यापासून अठरा पायऱ्या, दक्षिणेला ओसरी, खाली घरमालकांचे कुटुंब आणि वरच्या मजल्यावर आम्ही. दगड आणि देवदाराच्या तुळया एकावर एक रचलेल्या जाड भिंती, लहान खिडक्या, ठेंगणी दारे, आणि मधल्या खोलीत धुराडे छपराबाहेर नेलेला पत्र्याचा तंदूर, म्हणजे खोली तापवायची चूल. खिडकीतून दरी पूर्ण दिसत नव्हती, पण पहाटे खोलीचे तापमान मी मोजले तेव्हा ते १३ अंश होते. काचेच्या केबिनमध्ये ते ६ होते.

पुढचे चार दिवस आम्ही फारसे कुठे गेलो नाही. डिसेंबरअखेर तिथे सव्वासातनंतर उजाडते आणि दरी अरुंद असल्यामुळे साडेतीनलाच ऊन डोंगराआड जाते, त्यामुळे दिवस हातात फार थोडा असतो. मुले शेजारच्या ओढ्याकाठी बर्फाचे काचेसारखे पापुद्रे गोळा करत. घरच्या काकूंनी सिड्डू करायला शिकवले. गव्हाची फुगवलेली कणीक, आत खसखस आणि अक्रोडाचे वाटण, वाफवून वर साजूक तूप. सासूबाईंना त्यात नागपंचमीची दिंडं दिसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच भांड्यात पुरणाची दिंडं करून सगळ्यांना वाढली. त्या दोघींची भाषा निराळी, पण तंदूरपाशी बसून दोघी सांधेदुखीविषयी तासन्‌तास बोलत. एकदा बागी गावातील शृंग ऋषींच्या मंदिरात गेलो. दशरथाच्या पुत्रकामेष्टीतील ऋष्यशृंग ते हेच, असे कळल्यावर सासूबाईंना त्या जागेविषयी विशेष ममत्व वाटले. मंदिरापासून वर चढून पती आणि मुलगा चैहणी कोठीचा दगड-लाकडाचा उंच बुरूज पाहून आले. १९०५ च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले पडले, तरी उरलेला भाग अजून उभा आहे.

ज्यांनी हिवाळ्यात डोंगरात असा मुक्काम केला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे जरूर लिहावेत. दृश्य पाहून घर ठरवण्याआधी काय काय विचारले पाहिजे, हे एका ठिकाणी नोंदले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कोकणकडा | ११ जानेवारी, रात्री १०.४२

ताई, वाचताना अंगावर काटा आला. सर्व जण सुखरूप परतलात, हे महत्त्वाचे. दोन गोष्टी विचारतो. त्या पहिल्या केबिनचे नाव येथे द्यावे, म्हणजे इतर सावध होतील, असे आपल्याला वाटत नाही का? आणि जलोडी खिंडीपर्यंत जाता आले का?

रानजाई | ११ जानेवारी, रात्री ११.०५

नाव देणार नाही. शेगडी आणून देणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा होता आणि त्याच्या स्वतःच्या घरीही तशीच शेगडी पेटवलेली होती. ही पद्धत डोंगरात सगळीकडे आहे. एक नाव टाळल्याने दुसरीकडे धोका कमी होत नाही. मालकांना मात्र मी फोन करून सगळे सांगितले.

जलोडीला गेलो नाही. खिंड सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि आमच्या आधीच्या आठवड्यात तिथे बर्फ पडून रस्ता बंद झाला होता. खिंडीच्या वाटेवरच्या शोजा गावापर्यंत स्थानिक जीपने गेलो, देवदारांखालच्या बर्फात मुले तासभर खेळली आणि परत आलो.

वैद्यकी_पुणे | १२ जानेवारी, सकाळी ७.२०

मी गेली बावीस वर्षे वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. तुमच्या घरच्यांना झाला तो कार्बन मोनॉक्साईडचा त्रास असण्याची शक्यता फार मोठी आहे. कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळते तेव्हा हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी हा त्याचा क्रम असतो, आणि झोपलेल्या माणसाला यांतले काहीच जाणवत नाही. एकाच खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली, तर इतर कोणताही विचार करण्याआधी सर्वांना उघड्यावर न्यावे.

उंचीच्या त्रासाविषयीही सांगतो, कारण गफलत नेमकी तिथेच होते. तो सहसा २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. जिभीच्या उंचीवर पहिल्याच रात्री सासूबाईंचे डोके दुखावे आणि मुलगी नीट जागी होऊ नये, हे उंचीने घडण्याची शक्यता कमी आहे.

तुम्ही बाहेर काढलेत ते अगदी योग्य केलेत. पण मुलगी जागी होत नव्हती, त्या अर्थी त्याच रात्री रुग्णालयात नेऊन प्राणवायू द्यायला हवा होता. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, पुढच्या वाचकाला उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

रानजाई | १२ जानेवारी, सकाळी ८.०२

डॉक्टर, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आमच्याकडे होता आणि सासूबाईंच्या बोटाला लावल्यावर तो ९६ दाखवत होता. तो आकडा पाहून पतींनी आम्हा सर्वांना धीर दिला होता.

वैद्यकी_पुणे | १२ जानेवारी, सकाळी ८.१५

हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. साधा ऑक्सिमीटर प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही तो ९६, ९८ असे आकडे दाखवतो. या बाबतीत त्याच्यावर अजिबात विसंबू नये.

देवदारछाया | १२ जानेवारी, दुपारी १.३०

मी मूळची सांगलीची, गेली नऊ वर्षे बंजारजवळ शाळेत शिकवते. रानजाईताईंनी तंदूर हा शब्द वापरला तो अगदी इथला आहे. काश्मीर-लडाखकडे ज्याला बुखारी म्हणतात, त्या पत्र्याच्या चुलीला आमच्याकडे तंदूर म्हणतात. महाराष्ट्रातून येणारे लोक तंदूर म्हटल्यावर रोटीची भट्टी समजतात आणि फोनवर गोंधळ होतो. त्यामुळे घर ठरवताना "तंदूर आहे का?" एवढे विचारून थांबू नका. त्याचे धुराडे छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर जाते का आणि तो झोपण्याच्या खोलीत आहे की बैठकीच्या, हे विचारा. धुराडे साफ केलेले नसेल, तर धूर आणि वायू उलटा खोलीत येतो. आमच्याकडे हिवाळा लागण्यापूर्वी धुराड्याचे नळकांडे उतरवून, झोडपून काजळी काढतात. ज्या घरात हे काम झालेले असते, तिथली बाई अभिमानाने सांगते. नुसते "हो, हो, सगळं आहे" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारावे.

रात्री झोपताना आम्ही तंदूरमध्ये नवे लाकूड घालत नाही. संध्याकाळभर तो पेटता ठेवायचा, भिंती आणि अंथरूण तापवून घ्यायचे, आणि निजायच्या आधी तो विझू द्यायचा. शेकपिशवी रजईत ठेवली की रात्र निभते.

पाण्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून सांगते. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरचे पाण्याचे पाइप रात्री गोठतात. आम्ही रात्रभर नळ बारीक धारेने चालू ठेवतो, कारण वाहते पाणी सहज गोठत नाही. तरीही सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी न येणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे, त्यासाठी मालकाशी भांडू नये. रात्रीच दोन बादल्या भरून ठेवाव्यात. आंघोळ दुपारी बारा ते दोन या वेळात, ऊन असताना करावी.

रस्त्यावर बर्फ दिसत नसला, तरी सावलीच्या वळणांवर पाणी गोठून पारदर्शक थर बनतो. त्याला इथे पाला म्हणतात. बर्फापेक्षा त्याचीच भीती अधिक, कारण तो चालकाला दिसत नाही. म्हणून सकाळी दहापूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर वरच्या रस्त्यावर गाडी काढू नये. मैदानातल्या चालकाला घेऊन येणाऱ्यांनीही शोजाकडे जाताना इथलीच गाडी करावी.

स्थापत्यवेडा | १२ जानेवारी, सायंकाळी ६.४५

रानजाई यांनी दोन्ही घरांची पहाटेची तापमाने नोंदवून ठेवली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार; ६ आणि १३ या दोन आकड्यांत सगळा विषय आला आहे. मी बांधकाम क्षेत्रात आहे आणि दोन वेळा केवळ ही घरे पाहण्यासाठी कुल्लू आणि किन्नौर भागात हिंडलो आहे.

ज्या जुन्या घरात त्या राहिल्या, त्या पद्धतीला काठकुणी म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने देवदाराच्या दोन समांतर तुळया ठेवतात, मधली पोकळी दगडगोट्यांनी भरतात, त्यावर सुक्या दगडाचा थर, पुन्हा तुळया, असे वर चढत जातात. कोपऱ्यावर दोन दिशांच्या तुळया एकमेकींत अडकवलेल्या असतात. चुना नाही, सिमेंट नाही. भूकंपात दगड किंचित सरकतात, लाकूड त्यांना धरून ठेवते आणि हादऱ्याचा जोर ठिकठिकाणच्या सांध्यांत विरतो. चैहणीचा बुरूज १९०५ नंतरही उभा राहिला, तो या गुणामुळे.

थंडीच्या दृष्टीने पाहिले, तर जाड भिंतीतील दगड दिवसभराचे ऊन आणि तंदूरची उष्णता धरून ठेवतात आणि रात्रभर हळूहळू सोडतात, तर लाकूड उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पूर्वी तळमजल्यावर गुरे बांधत, त्यांची ऊब वर येई. छत ठेंगणे असल्यामुळे तापवायची हवाही कमी असते. याउलट त्रिकोणी केबिनमध्ये गरम हवा उंच टोकाशी जाऊन बसते आणि माणसे खाली कुडकुडतात. एकेरी काच असेल, तर तेवढी बाजू उघडी असल्यासारखीच. नव्या केबिनमध्ये राहायचेच असेल, तर काच दुहेरी आहे का आणि भिंतीच्या फळ्यांमध्ये उष्णतारोधक थर घातला आहे का, हे विचारावे. असा थर घातलेली उत्तम केबिनेही आता त्या भागात आहेत, त्यामुळे सरसकट सगळ्यांना नाव ठेवणे न्यायाचे होणार नाही.

जुन्या घरांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती आगीला फार लवकर बळी पडतात. २००८ मध्ये मलाणा गावाचा मोठा भाग जळाला. जानेवारी २०२५ मध्ये जिभीजवळच्या तांदी गावातही आग लागून अनेक घरे नष्ट झाली. घरे एकमेकांना लागून असतात, हिवाळ्यासाठी गवत आणि सरपण तिथेच रचलेले असते, आणि थंडीत पाणी गोठलेले असते. म्हणून घरात शिरल्यावर आधी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून घ्यावी, आणि तंदूरच्या नळकांड्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. मुलांचे मोजे तिथे हमखास टाकले जातात.

मुक्काम_पोस्ट | १२ जानेवारी, रात्री ९.३०

माहिती उत्तम आहे, पण एक मतभेद नोंदवतो. पुण्याहून इतका खर्च करून गेल्यावर पाचही रात्री एकाच खेड्यात काढणे मला पटत नाही. औटहून मनालीला जाता आले असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये सिस्सूपर्यंत जाऊन मुलांना खरा हिमालयातला बर्फ दाखवता आला असता. आम्ही चार जणांनी सहा दिवसांत चार ठिकाणे केली आणि मुलांना प्रत्येक ठिकाण आठवते.

रानजाई | १२ जानेवारी, रात्री १०.१८

आपली सहल आपल्या कुटुंबाला लाभली, याचा आनंद आहे. आमच्या बाबतीत मात्र हिशेब वेगळा होता. दिवसाचा उजेड आणि पाल्याची भीती धरली, तर गाडी चालवायला सुरक्षित असे सहा-सात तासच उरतात. रोज सामान बांधून हलायचे म्हटले, तर हे सगळे तास गाडीत जातात आणि सासूबाईंना दर रात्री नव्या थंड खोलीत शिरावे लागते. एक घर दोन दिवस सतत तापत राहिले की त्याच्या भिंती ऊब धरतात. तिसऱ्या रात्री आम्हाला पहिल्या रात्रीपेक्षा एक रजई कमी लागली.

आणखी एक सांगते. मुलगा घरी आल्यावर शाळेच्या निबंधात बर्फाविषयी दोन ओळी लिहून थांबला, पण ओल्या आणि सुक्या लाकडाचा आवाज ठोकल्यावर वेगळा येतो, हे घरच्या काकांनी त्याला शिकवले होते, त्यावर त्याने पानभर लिहिले. ते शिकायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.

डेन्व्हरकर | १३ जानेवारी, सकाळी ६.०५

नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो. येथील मराठी कुटुंबे डिसेंबरच्या सुट्टीत दोन-तीन घरे मिळून रॉकी पर्वतातील केबिन भाड्याने घेतात. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे आणि पत्त्यांचा कॅट घेऊन आम्हीही दरवर्षी जातो. रानजाई यांचा अनुभव वाचून मला येथील एक दुर्घटना आठवली. नोव्हेंबर २००८ मध्ये ॲस्पेनजवळ सुट्टीसाठी गेलेले चौघांचे एक संपूर्ण कुटुंब घरातच याच वायूने दगावले. त्या घरात शेगडी नव्हती, सगळी आधुनिक यंत्रणा होती. त्यानंतर २००९ मध्ये कोलोरॅडो राज्याने कायदा करून झोपण्याच्या खोलीच्या दारापासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साईडचा गजर असावा, असे बंधन घातले.

हा गजर मुठीएवढा असतो, बॅटरीवर चालतो आणि भारतातही ऑनलाइन मिळतो. आम्ही केबिनमध्ये गजर असला, तरी स्वतःचा घेऊन जातो आणि उशाशी, जमिनीपासून पलंगाच्या उंचीवर ठेवतो. धुराचा गजर आणि हा गजर वेगळे असतात. खरेदी करताना वेष्टनावरचा मजकूर नीट वाचून घ्यावा.

नाशिकची_लेक | १३ जानेवारी, दुपारी ३.५०

आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिभीला जायचे ठरवत आहोत. बरोबर माझे वडील असतील, त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि भावाचे आठ महिन्यांचे बाळ असेल. हा धागा वाचून मनात भीती उभी राहिली आहे, पण बाबांची हिमालय पाहायची इच्छा फार जुनी आहे आणि ती मोडवत नाही. कपडे, खाणे आणि जागा यांविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

रानजाई | १३ जानेवारी, सायंकाळी ५.१५

ताई, अवश्य जा. घर नीट पारखून घेतले, तर भिण्याचे कारण नाही.

एक जाड जाकीट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन-चार थर बरे. सगळ्यांत आत लोकरीचे किंवा थर्मल, अंगाला सुती कपडा नको, कारण घामाने ओला झाला की तो वाळत नाही आणि थंडी भरते. बाबांसाठी तळव्याला खोल खाचा असलेले बूट आणि हातात काठी हवीच. खोबरेल तेल तिथे दगडासारखे गोठते, बाळाला मालिश करत असाल तर तिळाचे तेल न्या. आम्ही डिंकाचे लाडू, सुंठ, मेतकूट आणि गूळपोळ्या नेल्या होत्या. रात्री भूक लागते तेव्हा स्वयंपाकघरात जायला कोणी उठत नाही, त्यामुळे डबा उशाशीच असावा. त्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच, सुमारे ९४ अंशांना उकळते, म्हणून बाळाची मऊ खिचडी साध्या पातेल्यात शिजायला वेळ लागेल. छोटा कुकर बरोबर ठेवा. खर्चाचे म्हणाल, तर जुन्या घरात पाच जणांचे दोन्ही वेळच्या जेवणासह दिवसाला पाच हजारांच्या आसपास झाले, सरपणाचे पैसे वेगळे दिले.

वैद्यकी_पुणे | १३ जानेवारी, रात्री ८.४०

बाळाबद्दल एवढेच सांगतो की थंडी आहे म्हणून त्याला दोन मोठ्यांच्या मध्ये जड रजईखाली झोपवू नका. अंगाला बसणारे उबदार कपडे घालून त्याला स्वतंत्र, सपाट अंथरुणावर ठेवा. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना भेटून घ्या, कारण थंडीत रक्तदाब वाढतो. आणि तहान लागत नसली, तरी कोमट पाणी पीत राहायला सांगा.

देवदारछाया | १४ जानेवारी, सकाळी ११.१०

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. नाशिकच्या ताईंसाठी लिहिते. फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येऊन गेला की जिभीतही बर्फ पडू शकतो आणि एखादा दिवस वीज आणि रस्ता दोन्ही बंद राहतात. तुमच्याबरोबर बाळ आहे, म्हणून शोजाच्या बाजूला न जाता जिभी आणि बंजार यांच्या मधले, गाडी दाराशी येईल असे आणि दक्षिणेकडे तोंड असलेले घर पाहा. दरीच्या एका बाजूला सकाळी नऊला ऊन येते आणि समोरच्या बाजूला अकरा वाजतात. फोनवर "ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं?" असे विचारले, तर इथला माणूस अचूक सांगतो. बंजारला रुग्णालय आहे, तेही जवळ राहील. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.

आजच्या संक्रांतीवरून आठवले. कुल्लूच्या अनेक गावांत अशी श्रद्धा आहे की माघ संक्रांतीला गावदेवता स्वर्गात जातात, म्हणून काही काळ मंदिरे बंद असतात. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत तर या दिवसापासून ४२ दिवस मोठा आवाज करत नाहीत, टीव्ही-रेडिओही लावत नाहीत. या दिवसांत येणाऱ्यांनी ओसरीवर स्पीकर लावून गाणी वाजवू नयेत, ही इथल्या लोकांच्या वतीने विनंती. गेल्या काही वर्षांत नवी केबिने झपाट्याने वाढली आणि त्यांच्याबरोबर रात्रीचा गोंगाट, ओढ्यातला प्लॅस्टिकचा कचरा आणि झऱ्यांच्या पाण्यावरून वाद हेही वाढले. डायपरचा कचरा बाळाचे आईवडील इथे टाकून जातात आणि तो कुठेच जिरत नाही. शक्य असेल, तर तो बांधून बंजारच्या किंवा त्याहून मोठ्या गावाच्या कचराव्यवस्थेपर्यंत न्यावा.

नाशिकची_लेक | १६ जानेवारी, रात्री ९.२५

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत मी पाच ठिकाणी फोन केले आणि प्रत्येकाला हेच प्रश्न विचारले. दोघांनी पायऱ्यांची संख्या सांगायचे टाळले. एकाने "अंगीठी देऊ, काळजी करू नका" असे सांगितले, तेव्हा त्यांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. चौथ्या घरातल्या आजींनी फोन घेतला आणि मी धुराड्याचे विचारताच म्हणाल्या की नळकांडे दिवाळीनंतर लगेच उतरवून साफ केले आहे, ऊन सव्वानऊला अंगणात येते, सात पायऱ्या आहेत आणि त्यांना स्वतःलाही गुडघ्याचा त्रास असल्यामुळे कठडा बसवून घेतला आहे. तेच घर ठरवले. डायपरसाठी वेगळी जाड पिशवी काढून ठेवली आहे. फक्त तो गजर मागवला होता, तो फेब्रुवारीच्या अखेरीस मिळेल असा निरोप आला आहे.

रानजाई | १६ जानेवारी, रात्री ९.५०

डेन्व्हरकरांचा प्रतिसाद वाचून मी त्याच दिवशी मागवला होता, माझा काल घरी आला. आम्हाला आता वर्षभर तरी लागणार नाही. मला व्यक्तिगत निरोपातून पत्ता कळवा, मी उद्याच नाशिकला पाठवते. बॅटरी मात्र जाताना नवी घाला आणि निघण्याआधी चाचणीचे बटण दाबून त्याचा आवाज बाबांनाही ऐकवून ठेवा.